विदर्भातून प्रवाळभिंतीकडे : स्कूबा डायव्हिंगविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोंदिया जिल्ह्यातील आमच्या भागातून गेली काही वर्षे, धानाची मळणी आटोपली की, चार-सहा जणांचा गट स्कूबा डायव्हिंगसाठी, म्हणजे हवेची टाकी पाठीला लावून पाण्याखाली उतरण्यासाठी, अंदमानला किंवा मालवणला जातो आणि परतल्यावर गावोगावी तेच ते प्रश्न विचारले जातात. लग्नाच्या पंगतीत किंवा बसस्थानकावर दिलेली उत्तरे अर्धवट राहतात, म्हणून ती येथे सविस्तर लिहून ठेवली आहेत. मी प्रशिक्षक नाही, शिक्षक आहे. प्रशिक्षण घेतलेला एक डायव्हर या नात्याने लिहीत आहे.

समुद्र कधी पाहिलाच नाही, अशा माणसाने एकदम समुद्राच्या तळाशी जावे का?

जाण्यास हरकत नाही. किनाऱ्यावर वाढलेला माणूससुद्धा स्कूबाच्या पहिल्या दिवशी आपल्याइतकाच नवखा असतो, कारण पाण्याखाली शांतपणे श्वास घेत राहणे ही सवय कोणालाच जन्मतः नसते. उलट, ज्याने लहानपणापासून विहिरीत सूर मारले आहेत त्याला एक जुनी सवय मोडावी लागते. पाण्यात तोंड बुडाले की श्वास रोखायचा, हे त्याच्या अंगात भिनलेले असते, आणि स्कूबामध्ये नेमके तेच करायचे नसते. माझ्या पाहण्यात, घाबरट म्हणून ज्यांची घरच्यांनी थट्टा केली ते लोक सूचना नीट ऐकतात आणि सुखरूप व आनंदी परततात; फजिती होते ती घाई करणाऱ्यांची.

पोहता येत नसेल तर?

प्रशिक्षकाने हात धरून नेलेली, साधारण १२ मीटरपर्यंतची पहिली चाचणी डाइव्ह पोहता न येणाऱ्यांनाही अनेक केंद्रांवर करता येते. ‘ओपन वॉटर’ हा रीतसर अभ्यासक्रम करून प्रमाणपत्र घ्यायचे असेल, तर मात्र न थांबता सुमारे २०० मीटर पोहणे आणि १० मिनिटे पाण्यावर तरंगणे जमले पाहिजे. वेगाची अट नसते. माझे मत विचाराल तर आधी पोहणे शिका, मग तिकीट काढा. कारण बोटीवरून पाण्यात उतरल्यावर पहिली पाच मिनिटे मनात जी धडधड असते, ती पोहता येणाऱ्याला निम्मीच जाणवते.

पाठीवरच्या नळकांड्यात ऑक्सिजन असतो ना?

नाही. हा गैरसमज इतका पसरला आहे की शिकलेले लोकही ‘ऑक्सिजन सिलिंडर’ म्हणतात. टाकीत असते ती साधी, गाळून कोरडी केलेली आणि दाबून भरलेली हवा, म्हणजे सुमारे २१ टक्के ऑक्सिजन आणि बाकी मुख्यतः नायट्रोजन. ११ लिटर पाणी मावेल एवढ्या टाकीत २०० बार दाबाने ती भरतात. मोटारीच्या चाकात दोन-अडीच बार असतात, यावरून अंदाज यावा. म्हणजे टाकीत साधारण २२०० लिटर हवा मावते. शांत माणूस पृष्ठभागावर मिनिटाला वीसेक लिटर हवा वापरतो, पण १० मीटर खोलीवर दाब दुप्पट असल्याने तोच श्वास दुप्पट हवा खातो. वर येताना टाकीत ५० बार शिल्लक ठेवायचे असतात, ते वजा केल्यास चाळीस मिनिटांच्या आसपास हवा पुरते. धापा टाकणाऱ्याची टाकी वीस-पंचवीस मिनिटांतही उतरते.

ही हवा तोंडात धरलेल्या रेग्युलेटरमधून हवी तेव्हा आणि आजूबाजूच्या पाण्याच्या दाबाइतक्याच दाबाने मिळते. जॅक-ईव्ह कूस्तो आणि एमिल गान्यां या दोन फ्रेंचांनी १९४३ साली हे यंत्र वापरण्याजोगे केले, आणि आजचे रेग्युलेटरही त्याच तत्त्वावर चालतात.

श्वास रोखू नका, असे सगळे का बजावतात?

या पानावरील एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा. पाण्यात दर १० मीटरला एका वातावरणाएवढा दाब वाढतो. ३३ फूट खोल, काठोकाठ भरलेल्या विहिरीच्या तळाशी एक फुगा नेला, तर तो तेथे निम्म्या आकाराचा होईल. आणि तळाशीच पूर्ण फुगवून, तोंड बांधून वर सोडला, तर वर येईपर्यंत दुप्पट होऊ पाहील आणि फुटेल. आपली फुप्फुसे म्हणजे असेच दोन फुगे आहेत. श्वास चालू असेल तर वाढलेली हवा सहज बाहेर पडते. श्वास रोखून वर आल्यास फुप्फुसाच्या नाजूक पेशी फाटून हवा रक्तात शिरू शकते, आणि हे एक-दोन मीटरच्या उथळ पाण्यातही घडू शकते. म्हणूनच रेग्युलेटर तोंडातून निसटला तरी, तो परत सापडेपर्यंत, ओठांतून बारीक बुडबुडे सोडत राहायला शिकवतात.

वर येतानाही घाई नसावी. मिनिटाला ९ मीटरपेक्षा अधिक वेगाने येऊ नये आणि ५ मीटरवर तीन मिनिटे थांबावे, हा रिवाज आहे. खोलीवर रक्तात व ऊतींत विरघळलेला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडला पाहिजे. सोड्याची बाटली फाडकन उघडल्यावर जे होते ते शरीरात होऊ नये, एवढाच त्यामागचा हेतू आहे.

कान दुखतात का?

योग्य वेळी काळजी घेतली नाही तर नक्कीच दुखतात. दाबामुळे हवेच्या आकारमानात पडणारा सर्वांत मोठा फरक पहिल्या १० मीटरमध्येच पडतो, त्यामुळे पाण्यात उतरल्यापासूनच, दुखण्याची वाट न पाहता, दर मीटरभर अंतरावर नाक चिमटीत धरून हळूच हवा कानांकडे ढकलावी लागते. कान मोकळा झाला नाही, तर मीटरभर वर येऊन पुन्हा प्रयत्न करावा. मी माझ्या पहिल्या डाइव्हला, सोबतचे लोक खाली गेले म्हणून, दुखणारा कान तसाच रेटला आणि पुढचे तीन दिवस त्या कानाने भांड्यातून बोलल्यासारखे ऐकत राहिलो. त्या तीन दिवसांत माझे सोबती कासवे पाहत होते आणि मी किनाऱ्यावर नारळपाणी पीत होतो. सर्दी झालेली असेल तर डाइव्ह रद्द करावी. नाक मोकळे करणाऱ्या गोळीच्या भरवशावर उतरू नये, कारण गोळीचा असर पाण्याखालीच संपला तर वर येताना हवा अडकते.

कोणत्या आजारात जाऊ नये?

प्रत्येक केंद्रावर आरोग्याची प्रश्नावली भरून घेतात, आणि तेथे खोटे ‘नाही’ लिहिणे हे स्वतःवरच उलटते. दमा, अपस्मार, हृदयविकार, फुप्फुसाचा जुना आजार, कानाची शस्त्रक्रिया यांपैकी काही असल्यास डॉक्टरांच्या लेखी परवानगीशिवाय उतरू नये. गरोदरपणात डायव्हिंग करूच नये. मासिक पाळीत मात्र हरकत नाही. त्यामुळे शार्क येतात ही निव्वळ भीती आहे.

आपल्या भागासाठी एक गोष्ट वेगळी सांगणे आवश्यक आहे. गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार मोठ्या प्रमाणावर आढळतो, आणि पर्यटनस्थळी छापलेल्या सूचनांत त्याचा उल्लेख अनेकदा नसतो. सिकलसेलच्या रुग्णांना थंडी, थकवा, शरीरातील पाणी कमी होणे आणि ऑक्सिजनची कमतरता या सर्वांचा त्रास होतो, आणि डाइव्हच्या दिवशी यांपैकी दोन-तीन गोष्टी सहज एकत्र येतात. अशांनी डायव्हिंगचा हट्ट धरू नये. जे केवळ वाहक आहेत, त्यांनी तपासणीचा कागद दाखवून आधी डॉक्टरांशी बोलावे. ज्यांची तपासणीच झालेली नाही, त्यांनी निघण्यापूर्वी ती करून घ्यावी.

तंबाखू-सुपारीचा खर्रा चालेल का?

चालणार नाही. रेग्युलेटर दातांत धरायचा असतो आणि तोंडात आलेली लाळ त्यातूनच बाहेर जाते, एवढे सांगितले की पुरे. विडी-सिगारेट ओढणाऱ्याचा श्वास पाण्याखाली लवकर फुलतो. आदल्या रात्री दारू आणि झणझणीत सावजी रस्सा, दोन्ही टाळावे. बोट हलू लागली की पोटात काय आहे ते सर्वांना कळते. अगदी उपाशीही जाऊ नये. तास-दीड तास आधी हलके खावे आणि पाणी भरपूर प्यावे.

प्रवाळ म्हणजे अंगठीतले पोवळेच का? तो दगड आहे की झाड?

प्रवाळ दगडही नाही आणि झाडही नाही. तो प्राणी आहे. मंगळासाठी धारण करतात ते लाल पोवळे मुख्यतः भूमध्य समुद्रातील एका वेगळ्या प्रवाळाच्या सांगाड्यापासून मिळते, आणि तो प्रवाळ भिंती बांधत नाही. भिंती बांधणारे प्रवाळ हे उबदार, उथळ आणि स्वच्छ पाण्यातील, काही मिलिमीटर आकाराचे असंख्य जीव आहेत. प्रत्येक जीव स्वतःभोवती चुनखडीची वाटी बांधतो, आणि शेकडो-हजारो वर्षांत त्या वाट्यांचा डोंगर होतो. गोटा प्रवाळ वर्षाला जेमतेम एखादा सेंटिमीटर वाढतो, फांद्यांचे प्रवाळ १० सेंटिमीटरपर्यंत. म्हणजे हाताच्या पंज्याएवढा गोटा तुमच्या शाळकरी मुलाहून वयाने मोठा असू शकतो.

शेतकऱ्याला यातील खरी गंमत लगेच कळते. सोयाबीन किंवा तुरीच्या मुळांवर गाठी असतात, त्यांत जिवाणू राहतात, पीक त्यांना अन्न देते आणि ते पिकाला नत्र देतात. प्रवाळाच्या अंगात असेच सूक्ष्म शैवाल राहते. प्रवाळ त्याला आसरा देतो आणि शैवाल सूर्यप्रकाशात अन्न तयार करून त्यातला मोठा वाटा प्रवाळाला देते. प्रवाळाचे रंगही बऱ्याच अंशी या शैवालामुळेच असतात. पाणी उन्हाळ्यातील नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा केवळ एक अंशाने वाढून काही आठवडे तसेच राहिले, की हा संसार मोडतो. शैवाल बाहेर टाकले जाते, प्रवाळ पांढरा पडतो आणि पाणी लवकर निवले नाही तर उपाशी मरतो. १९९८, २०१० आणि २०१६ साली लक्षद्वीपमध्ये हे मोठ्या प्रमाणावर घडले, आणि एप्रिल २०२४ मध्ये जगभरातील चौथे व्यापक विरंजन, म्हणजे प्रवाळ पांढरे पडणे, जाहीर झाले. पारा ४५ अंशांवर गेला तरी एका अंशाचे आपल्याला काही वाटत नाही. प्रवाळाचे मात्र जगणे-मरणे त्या एका अंशावर ठरते. त्यामुळे तेथे गेल्यावर काही भाग पांढरा, काही भाग शेवाळलेला आणि मेलेला दिसेल. पैसे वाया गेले असे म्हणू नये; भिंतीची आजची अवस्था ती आहे.

जाता जाता : वणी आणि कोरपन्याकडची, सिमेंटसाठी खणली जाणारी चुनखडीसुद्धा प्राचीन समुद्रातच साचली, पण ती इतकी जुनी आहे की तेव्हा प्रवाळ जन्मालाच आले नव्हते.

एखादा छोटा तुकडा आठवण म्हणून आणता येईल का?

मुळीच नाही, किनाऱ्यावर पडलेला मेलेला तुकडासुद्धा नाही. ज्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत ताडोब्याचा वाघ आहे, त्याच अनुसूचीत कठीण प्रवाळही आहेत. विमानतळावर सामान तपासले जाते. ज्यांनी जंगलालगत आयुष्य काढले आहे त्यांना हे अधिक समजावण्याची गरज नाही.

हात लावण्याचेही तसेच. प्रवाळावर टेकलेला एक गुडघा किंवा पायात घातलेल्या वल्ह्यासारख्या फिनचा एक फटका कित्येक वर्षांची वाढ मोडतो. जंगलात आपण जसे पायवाट सोडत नाही, आवाज करत नाही आणि जनावराच्या मागे धावत नाही, तसेच येथे. हात छातीशी बांधून, भिंतीपासून मीटरभर दूर तरंगावे. शरीर ना वर जाते, ना खाली, अशी तरंगण्याची ही स्थिती साधणे हेच डायव्हिंगमधील खरे कौशल्य आहे, आणि ती श्वासाने साधते : थोडा भरून घेतला की वर, सोडला की खाली.

खाली नक्की काय दिसते? व्हिडिओत दिसते तसेच का?

तितके रंगीत नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. पाणी लाल रंग आधी शोषते, त्यामुळे पाचेक मीटरनंतर लाल फिका पडतो आणि १५ मीटरवर सगळे निळे-हिरवे दिसते. टॉर्च पाडली की मात्र त्याच खडकावर केशरी आणि किरमिजी रंग उमटतात. मास्कमधून वस्तू सुमारे एक तृतीयांश मोठ्या आणि जवळ भासतात, म्हणून परतल्यावर सांगितलेल्या माशाच्या लांबीतून थोडे वजा करावे.

कानाला आधी स्वतःच्या बुडबुड्यांचा आवाज येतो आणि त्यामागे सतत एक कुरकुर. त्यातली काही पोपटमाशांची असते. हे मासे चोचीसारख्या दातांनी खडक कुरतडतात, त्यावरचे शेवाळ खातात आणि चुनखडी वाळूच्या रूपाने बाहेर टाकतात. मोठा पोपटमासा वर्षाला शेकडो किलो वाळू तयार करतो. ज्या पांढऱ्या किनाऱ्यावर बसून लोक फोटो काढतात त्यातील बरीच वाळू अशी आली आहे. समुद्रफुलाच्या डंखी शुंडांत निर्धास्त राहणारा विदूषक मासा, खडकाच्या कपारीत तोंड उघडून श्वास घेणारी मोरे ईल ही सापासारखी लांब मासळी, नशीब असेल तर चरणारे कासव. ईल चावायला आली असे सगळ्यांना वाटते, पण तिची श्वास घेण्याची ती पद्धत आहे.

शार्क, विंचूमासे, मगरी?

प्रवाळभिंतीजवळ दिसणारे काळ्या किंवा पांढऱ्या टोकाच्या पंखांचे छोटे शार्क माणसाला पाहून दूर जातात. अधिक धोका असतो तो न हलणाऱ्या जीवांचा. दगडमासा हुबेहूब दगडासारखा असतो, सिंहमाशाचे काटे विषारी असतात, समुद्री साळूचे काटे उथळ पाण्यात पायात घुसून मोडतात. काटा लागल्यास भाग पोळणार नाही इतक्या गरम पाण्यात, म्हणजे साधारण ४० ते ४५ अंशांच्या, अर्धा ते दीड तास बुडवून ठेवावा आणि डॉक्टर गाठावा. अंदमानच्या काही खाड्यांत व किनाऱ्यांवर खाऱ्या पाण्यातील मगरी आहेत. फलक लावलेला असेल तेथे पाण्यात पाय घालू नये.

खाली बोलायचे कसे? प्रशिक्षकाला मराठी येत नसेल तर?

खाली कोणतीच भाषा चालत नाही, हातांच्या खुणा चालतात. वरच्या सूचनांना हिंदी पुरते. एक खूण मात्र नीट लक्षात ठेवावी. अंगठा वर दाखवणे म्हणजे ‘छान’ नव्हे, ‘वर चला’. आमच्या गटातील एका काकांनी आनंदाने तीन वेळा अंगठा दाखवला आणि तीनही वेळा प्रशिक्षक त्यांना वर घेऊन आला. ‘ठीक आहे’ यासाठी अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करावा. ‘काहीतरी बिघडले’ यासाठी पालथा पंजा डावी-उजवीकडे हलवावा आणि मग दुखणाऱ्या जागेकडे बोट दाखवावे.

मालवण, लक्षद्वीप की अंदमान? आणि केव्हा जावे?

मालवण-तारकर्ली खर्चाने सोपे आहे. गोंदियाहून निघणारी महाराष्ट्र एक्सप्रेस थेट कोल्हापूरला जाते आणि पुढे रस्त्याने घाट उतरून मालवण गाठता येते. तेथील समुद्रातील काही क्षेत्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. मात्र तेथे सलग भिंत नाही. खडकांवर विखुरलेले प्रवाळ आहेत, आणि पाण्यात गाळ असल्याने काही दिवस चार-पाच मीटरपलीकडे दिसत नाही. पहिला अनुभव म्हणून ठीक, प्रवाळभिंत पाहण्याची इच्छा असेल तर अपुरे.

लक्षद्वीपची कंकणाकृती प्रवाळबेटे अप्रतिम आहेत, पण प्रवेशपरवाना लागतो आणि प्रवास मुख्यतः कोचीमार्गे होतो. अंदमानातील स्वराज द्वीप, म्हणजे पूर्वीचे हॅवलॉक, नवशिक्यांसाठी मला सर्वांत योग्य वाटते. पाणी २७ ते ३० अंशांचे, दृष्टी स्वच्छ, आणि भारतीय नागरिकाला तेथे वेगळा परवाना लागत नाही. चंद्रपूर-बल्लारशाकडच्या लोकांना ग्रँड ट्रंक एक्सप्रेसने चेन्नई, तेथून विमानाने श्री विजयपुरम, म्हणजे पूर्वीचे पोर्ट ब्लेअर, आणि पुढे बोट, असा मार्ग सोयीचा आहे. जानेवारी ते एप्रिल हा काळ उत्तम. खरिपाचे धान घरात आलेले असते आणि समुद्रही शांत असतो. उन्हाळी धान लावणाऱ्यांना ही वेळ अडचणीची जाते, हे मान्य आहे.

केंद्र निवडताना काय पाहावे?

भाव कमी की जास्त यापेक्षा एका प्रशिक्षकामागे किती जण आणि पाण्यात नेण्यापूर्वी किती वेळ शिकवतात, हे विचारावे. चाचणी डाइव्हला एकास एक प्रशिक्षक असावा. बोटीवर प्रथमोपचारासाठी ऑक्सिजन आहे का, हेही विचारावे. येथे तो शब्द बरोबर आहे. ‘वीस मिनिटांत व्हिडिओसह’ असे ओरडून गिऱ्हाईक बोलावणाऱ्याकडे आमचा गट जात नाही.

शेवटच्या दिवशी सकाळी डाइव्ह करून संध्याकाळी विमान पकडता येईल का?

नाही. विमानात हवेचा दाब कमी असतो आणि शरीरात उरलेला नायट्रोजन बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर येऊ शकतो. एकच डाइव्ह केली असेल तर किमान १२ तास, अनेक डाइव्ह किंवा अनेक दिवस केल्या असतील तर किमान १८ तास जमिनीवर राहावे. पूर्ण दिवस मोकळा ठेवला तर हिशेबच करावा लागत नाही. मालवणहून परतणाऱ्यांच्या ध्यानात न येणारी गोष्ट अशी की, सुमारे ७०० मीटर उंचीचा आंबोली घाट चढणे हेसुद्धा उंचीवर जाणेच आहे. दुपारी डाइव्ह आणि लगेच कोल्हापूरची गाडी, असा बेत करू नये. मुक्काम करून दुसऱ्या दिवशी निघावे. सांधेदुखी, मुंग्या, चक्कर किंवा विलक्षण थकवा जाणवल्यास झोपून बरे वाटेल म्हणून वाट न पाहता केंद्राला फोन करावा आणि डॉक्टरांना ‘मी डाइव्ह केली होती’ हे पहिल्याच वाक्यात सांगावे.

तोपर्यंत गावच्या मालगुजारी तलावात सराव करता येईल का?

पोहण्याचा करता येईल, टाकी लावून नाही. तळाशी गाळ, गाळात कमळाच्या दांड्या, त्यांत मासेमारी करणाऱ्या ढिवर बांधवांनी लावलेली जाळी, आणि हातभर अंतरावरचेही न दिसणारे पाणी, अशा ठिकाणी उपकरणे लावून उतरणे हे अनुभवी लोकांनाही परवडत नाही. लोणारच्या सरोवराविषयीही विचारणा होते. ते अभयारण्य आहे आणि पाणी तीव्र अल्कधर्मी आहे, तेव्हा तो विचार सोडावा. तलावाच्या पाळीजवळ, छातीइतक्या पाण्यात, कोणीतरी सोबत असताना, मास्क आणि स्नॉर्कल, म्हणजे श्वासाची नळी, लावून, चेहरा पाण्यात ठेवून दहा मिनिटे संथ श्वास घेण्याचा सराव करावा. हिवाळ्यात सकाळी आठनंतर पाणी सोसते. आमच्याकडे दोन जादा मास्क आहेत, ते मागून न्यावेत आणि धुऊन परत करावेत.